पंचेचाळीस मिनिटांचा सिंहगड

आमच्या कॉलेजात जिमखाना म्हणजे दोन खोल्या, एक मैदान आणि मी. पहिल्या वर्षाला शारीरिक शिक्षणाचं क्रेडिट असतं, त्यामुळे शाळा सुटल्यापासून ज्यांनी मैदान पाहिलं नाही ती पोरंही मार्कांसाठी का होईना, बूट घालून येतात. सत्राच्या शेवटी एक बाहेरचा उपक्रम असतो. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमध्ये मी सिंहगड ठरवला. आतकरवाडीतून पायवाटेनं वर, पुणे दरवाज्याशी जमायचं, पिठलं-भाकरी खाऊन खाली. चढ साधारण ६०० मीटरचा. पुण्यातली साठीची माणसं दर रविवारी हा गड चढून दहाच्या आत घरी येतात, मग अठरा वर्षांच्या पोरांना त्यात काय अवघड?

अवघड मी केलं. मार्क कशावर द्यायचे हा आमच्या खात्याचा कायमचा प्रश्न. रजिस्टरच्या रकान्यात आकडा लागतो, 'मजेत चढला' असं लिहून चालत नाही. म्हणून मी आदल्या दिवशी जाहीर केलं: ४५ मिनिटांत पुणे दरवाजा गाठला तर २० पैकी २०, तासाभरात १५, त्यापुढे सगळ्यांना १०. फार हुशारी केली असं तेव्हा वाटलं होतं.

सहाची बस उशिरा येणाऱ्यांची वाट बघत साडेसातला निघाली. पुढे खडकवासल्याला रविवारची गर्दी. मक्याची कणसं खाणाऱ्यांनी अर्धा रस्ता अडवलेला. पायथ्याला पोचलो तेव्हा पावणेदहा झाले होते आणि पाठीवर ऊन चावत होतं. तिथंच वेळेची अट सोडून द्यायला हवी होती. त्याऐवजी मी तानाजी मालुसऱ्यांवर पाच मिनिटं बोललो आणि शिट्टी वाजवली. (नंतर सोबतच्या मॅडम म्हणाल्या, "सर, ते ४ फेब्रुवारी १६७०. माघातल्या रात्री चढले होते ते, ऑक्टोबरच्या उन्हात नाही.")

जो पडला त्याला रोहन म्हणू. पडेल असं ज्याच्याबद्दल मला कधीच वाटलं नसतं, तोच हा. वर्गात कूपर टेस्टला तो पहिला आला होता. १२ मिनिटं पळायचं आणि अंतर मोजायचं, अशी ही चाचणी केनेथ कूपर यांनी १९६८ साली अमेरिकी हवाई दलासाठी बसवली. रोहन २,८५० मीटर पळाला होता. माझं सगळं लक्ष होतं इन्हेलर घेऊन आलेल्या एका मुलीकडे, म्हणून मी तिच्या बरोबर शेवटून चालत होतो. ती दर वळणावर थांबत, पेरू खात, गप्पा मारत निवांत चढत होती.

निम्म्याहून थोडं वर गेलो असू, एवढ्यात वरून एक मुलगी धावत खाली आली. "सर, रोहन वेड्यासारखं बोलतोय."

ताडपत्रीखाली सरबत-ताक विकणाऱ्या एका मावशींच्या दुकानापुढे तो बसला होता. बसला म्हणजे कलला होता. अंगात काळा, पूर्ण बाह्यांचा, चिकटून बसणारा टी-शर्ट. नुकतीच उलटी झालेली. मी विचारलं, "आज वार कोणता?" तो म्हणाला, "प्रॅक्टिकल आहे, जर्नल राहिलंय." कपाळाला हात लावला तर चटकाच बसला.

नुसता थकलेला माणूस चिडचिड करतो, पण भलतंसलतं बोलत नाही. अंग तापलेलं आणि बोलणं भरकटलेलं म्हणजे उष्माघात धरून चालायचं, आणि आधी थंड करायचं, मग हलवायचं. हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो, पोरांना शिकवलंही होतं, तरी हात थरथरत होते. टी-शर्ट कात्रीनं कापला. मावशींकडे थर्माकोलच्या खोक्यात बर्फ होता. त्यांनी काही न विचारता खोकं पुढे सरकवलं. बर्फ ओढण्यांत गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवला, पाण्याचा हंडा अंगावर हळूहळू रिता केला आणि दोन पोरांना पुठ्ठ्यानं वारा घालायला बसवलं. कुणी म्हणालं ताक पाजा, कुणी कांदा हुंगवा. शुद्ध धड नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, एवढंच मी ओरडून सांगत होतो. मॅडमनी १०८ ला फोन लावला.

वीसेक मिनिटांनी त्यानं माझ्याकडे बघितलं. "सर, किती मिनिटं झाली?"

मी उत्तर दिलं नाही.

आसपासच्या दुकानांतली चार माणसं आली, दोन बांबू आणि घोंगडीची झोळी केली आणि ज्या वाटेवर मी पोरांना पळवलं होतं त्याच वाटेनं एकदाही न घसरता त्याला खाली नेलं. ही माणसं रोज डोक्यावर पाण्याचे कॅन घेऊन ही वाट चढतात. त्यांना २० पैकी किती द्यायचे?

दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. स्नायूंना मार बसला होता, त्यामुळे मूत्रपिंडावर लक्ष ठेवून होते, सुदैवानं निभावलं. वडील मला एक शब्द बोलले नाहीत. आईनं तेवढं विचारलं, "सकाळी काही खाऊन निघाला होता का हो?"

मला माहीत नव्हतं. माझ्या फाइलीत चाळीस संमतीपत्रं होती, मेडिकल सर्टिफिकेटं होती, प्रत्येकाचं कूपरचं अंतर होतं. कोण उपाशी आहे हे मी विचारलंच नव्हतं. नंतर कळलं, रात्री तीनपर्यंत जर्नल लिहीत जागा होता आणि सकाळी पोटात गेलं ते फक्त जिममधली कॅफीनची पावडर घातलेलं पाणी.

आता आम्ही पावणेसहाला निघतो, आणि बस कुणासाठी थांबत नाही. शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगानं चढायचं. बोलता येईना की थांबायचं. मार्क गट एकत्र वर पोचल्याचे. वरिष्ठांनी विचारलं, यात मोजमाप कुठे आहे? मी म्हटलं, किती गेले आणि किती परत आले.

त्या दिवशी मावशींचा बर्फ संपला, म्हणजे रविवारचा धंदाच बुडाला. मी पाचशेची नोट पुढे केली तर त्यांनी तीनशे घेतले, बर्फाचे आणि हंड्याचे. अजूनही दर बॅचला आम्ही त्यांच्याकडे थांबतो. लांबून मला पाहिलं की त्या पोरांसमोरच विचारतात, "काय ओ सर, आज पळवणार हाय का चालवणार?"