तुम्ही विचारलंत म्हणून: बाईची लघवी तुंबते का?

"सिस्टर, लघवी तुंबणं म्हणजे म्हाताऱ्या पुरुषांचा आजार ना?" निवृत्त झाले तरी लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हे कोणीतरी विचारतंच. प्रोस्टेटमुळे पुरुषांत ते जास्त दिसतं, खरंय. पण माझा जन्म गेला बाळंतिणींच्या वॉर्डात.

एपिड्युरल म्हणजे कळा कमी करायला कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलेलं, चिमटा लावून बाळ काढलेलं, टाके ठसठसतायत. अशा वेळी मूत्राशय भरलं तरी कळ येत नाही. सहा तासांत लघवी झालीच पाहिजे म्हणून आम्ही बाळंतिणीच्या मागे लागायचो. नळ सोडून ठेव, कोमट पाणी घे. नाहीच झाली तर मूत्राशयात नळी घालून लघवी काढायची. एरवी चार-पाचशे मिलीला माणूस धावत सुटतो, एकीची 1100 मिली निघाली आणि ती म्हणे, "मला लागलीच नव्हती." असं ताणलेलं मूत्राशय लगेच आवळत नाही, म्हणून नळी एक-दोन दिवस ठेवावी लागते.

दुसरं कारण बायका सांगतच नाहीत: अंग बाहेर येणं, म्हणजे गर्भाशय खाली उतरणं. पाण्याच्या पाइपला घडी पडावी तशी मूत्रमार्गाला पडते. एक मावशी अंग बोटांनी आत सारून लघवी करायच्या. किती वर्षं? तर म्हणाल्या, "धाकटीच्या लग्नाआधीपासून." अंग आत धरून ठेवणारी रिंग बसवली आणि घडी सुटली.

बद्धकोष्ठ, गर्भाशयातली गाठ, सर्दीच्या काही गोळ्या, जुना मधुमेह यांनीही तुंबते. कंबर दुखून मांड्यांमधली जागा बधिर झाली आणि लघवी अडली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

फसवणूक कुठे होते सांगू? तुंबलेली लघवी थेंबथेंब गळते. बाईला वाटतं, आपला ताबा गेला, म्हणून ती पाणी तोडते. खरं तर ते मूत्राशय भरून वाहत असतं. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत आत किती उरली ते बघितलं की उलगडा होतो.

ज्यांच्या मूत्राशयाच्या नसा बिघडल्यात आणि सुधारत नाहीत, त्यांनी दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच नळी घालायची. निर्जंतुक खोली लागत नाही, स्वच्छ धुतलेले हात पुरतात, हे अमेरिकेतल्या मिशिगनच्या लॅपिडीस डॉक्टरांनी 1972 मध्येच मांडलं. शिकवताना बायका आधी रडतात. मग आरसा धरतात. मग आरसाही लागत नाही. बायकांसाठीची ही नळी वीतभरही नसते. माझी एक पेशंट ती चष्म्याच्या डबीत घालून पंढरीची वारी करून आली.