४ए, बायोप्सी आणि गाठीतलं रक्त बघणारा उजेड

मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला, स्तनाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर बाय-रॅड्स ४ए (गाठ किती संशयास्पद आहे त्याची श्रेणी) लिहिलंय म्हणाली आणि पुढे रडायलाच लागली. मला लगेच माझे ते दिवस आठवले. ४ए म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता २ ते १० टक्के, म्हणजे शंभरातल्या नव्वदहून जास्त बायकांची गाठ साधीच निघते, पण रिपोर्ट हातात असताना ते नव्वद कुणाला दिसतात?

माझी बायोप्सी झाली, म्हणजे सुईने गाठीचे तुकडे काढून तपासले, तेव्हा दुखलं फार नाही, भूल देतात, पण डॉक्टरांनी "आता खट् असा आवाज येईल, हलू नका" असं सांगूनही मी पहिल्या आवाजाला दचकलेच. मग फॉर्मलिनच्या डबीत शेवयांच्या तुकड्यांसारखे पांढरट धागे बुडताना बघितले. रिपोर्ट यायला ५ दिवस लागले, घरात सासूबाईंना काही सांगितलं नव्हतं, मुलीचा डबा भरताना हात मध्येच थांबायचा. फायब्रोअडेनोमा निघाला, साधी गाठ. सगळे म्हणाले सुटलीस. सुटलेच, पण ते ५ दिवस आणि नंतरचं काळंनिळं अंग मी कशासाठी काढलं हा प्रश्न काही डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला लागले.

सोनोग्राफीत गाठीचा आकार दिसतो, कडा गुळगुळीत आहेत की वेड्यावाकड्या, आडवी आहे की उभी वगैरे. आत बारीक बारीक नव्या रक्तवाहिन्या किती फुटल्यात आणि त्या रक्तात ऑक्सिजन किती उरलाय, हे मात्र तिला नीट कळत नाही. आणि कॅन्सरची गाठ वाढते ती नेमकी त्या नव्या रक्तवाहिन्यांच्या जिवावर. इथे उजेड कामाला येतो. कोरोनात आपण सगळ्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला होता ना, तो उजेडावरूनच रक्तातला ऑक्सिजन सांगतो, तसंच हे, फक्त स्तनाच्या आत.

टेक्सासच्या सेनो मेडिकल कंपनीचं इमॅजिओ नावाचं मशीन आहे, त्याला औषधं-उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी जानेवारी २०२१ मध्ये मिळाली. त्याच्या अंगावर टेकवायच्या प्रोबमधून ७५७ आणि १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे लेझरचे झटके जातात, पहिला ऑक्सिजन कमी असलेल्या रक्तात जास्त शोषला जातो, दुसरा ऑक्सिजन भरपूर असलेल्या रक्तात. रक्त किंचित तापतं, फुगतं आणि त्यातून आवाजाची लाट निघते, ती तोच प्रोब ऐकतो आणि सोनोग्राफीच्या चित्रावर रंग चढतात. उजेडातून आवाज निघतो हे ग्रॅहम बेलने १८८० मध्येच दाखवलं होतं! सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या क्विंग झू यांची टीम जरा वेगळ्या वाटेने जाते, मधे सोनोग्राफीचा प्रोब आणि भोवती उजेड नेणारे ऑप्टिकल फायबर, आणि मोजतात गाठीतलं एकूण हिमोग्लोबिन.

इमॅजिओची मोठी चाचणी अमेरिकेत १६ ठिकाणी २,१०५ बायकांवर झाली. त्याच मशीनच्या नुसत्या सोनोग्राफीने साध्या गाठींपैकी २८ टक्के गाठी साध्या म्हणून बरोबर ओळखल्या गेल्या, उजेड जोडल्यावर ४३ टक्के. म्हणजे साध्या गाठीच्या दर १०० बायकांमागे आणखी १५ जणींची सुई टळू शकते, आणि माझ्यासाठी हा आकडा लहान नाही, त्या पंधरा जणींच्या घरातले ते पाच दिवस मला माहीत आहेत.

बहिणीला हे सगळं सांगितलं तर ती लगेच म्हणाली, ताई मग मी थांबू का, ते मशीन इकडे मिळेपर्यंत? मी म्हटलं अजिबात नाही. कारण त्याच चाचणीत दुसरा आकडाही आहे, नुसत्या सोनोग्राफीने ९८.६ टक्के कॅन्सर पकडले आणि उजेड जोडून ९६ टक्के. थोडे जास्त निसटले. ती पंधरा जणींची सुई टळते त्याची ही किंमत आहे आणि ती किती चालेल हे डॉक्टरांनी गाठ बघून ठरवायचं, आपण फोनवर नाही. शिवाय तिच्या डॉक्टरांनी बायोप्सी सांगितलीय, तर करायचीच.

गुरुवारी साडेअकराची वेळ मिळालीय. मी सोबत जाणार आहे. त्या खट् आवाजाचं तिला आधीच सांगून ठेवलंय.