टायरानिड ४७: फवाऱ्यातलं पाणी कुठून येत होतं ते सापडलं

सापडलं एकदाचं. टायरानिड म्हणजे ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळातल्या परग्रही प्राण्यांच्या छोट्या मूर्ती (मिनी); अशा ४७ मी एअरब्रशने, म्हणजे दाबाच्या हवेने रंग फवारणाऱ्या पेनाने, रंगवतोय. प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारताना मध्येच थुंकल्यासारखे येणारे पाण्याचे थेंब सुईमुळे नव्हते, नोझलमुळे नव्हते, ट्रॅपही (हवेतले पाण्याचे थेंब पकडणारी वाटी) खराब नव्हता. कंप्रेसरची टाकी तापत होती, बस्स. आणि टाकी तापलेली असताना तिच्यावरच बसवलेला ट्रॅप जवळपास शोभेचा असतो. मागच्या नोंदीतला ‘दुसरा ट्रॅप जोडू, नाही जमलं तर ओल शोषणारं सिलिका जेल’ हा बेत त्यामुळे रद्द.

सेटअप तोच आहे: एएस-१८६ जातीचा ३ लिटर टाकीचा कंप्रेसर, ३ बारला चालू आणि ४ बारला बंद, ०.४ मिमीचं नोझल, वॉरहॅमरच्या लेव्हायथन या दोन फौजांच्या बॉक्समधली टायरानिडांची ४७ मिनीची बाजू. लक्षणंही तीच. २५ पीएसआयवर (साधारण १.७ बार) प्राइमर सुरू केला की सुरुवातीला फवारा मखमली, मग अचानक एक थेंब, मग दर दोन-चार मिनिटांनी एक. काळ्या प्राइमरवर त्याचा गोल खड्डा पडतो, कडेला उंचवटा. उलट १५ पीएसआयवर वरून पांढरी शाई मारताना असलं काही होत नाही. कोडं खरं इथेच होतं. एअरब्रश तोच, सुई तीच, हवा तीच, मग कमी दाबाला पाणी का नाही?

आधी दुसरे संशयित बाद करून घ्यावेत. टिप ड्राय असेल तर ठिपके रंगाचे, बारीक आणि कोरडे पडतात, आणि सुईच्या टोकावर जमलेला रंग डोळ्यांना दिसतो. नोझलच्या सीलमधून हवा गळत असेल तर रंगाच्या कपात बुडबुडे येतात. पाण्याची परीक्षा वेगळी: कप रिकामा करून धुऊन घ्यायचा, सुई मागे ओढून नुसती हवा आरशावर सोडायची, अंतर ५ सेंटिमीटर. आरशावर दिसेल न दिसेल असे दवासारखे बिंदू उमटले की दोष हवेच्या वाटेत. एअरब्रशला हात लावू नका.

आता कारण. एक घनमीटर जागेत किती वाफ मावते हे तापमान ठरवतं, दाब नाही. २८ अंशांना साधारण २७ ग्रॅम, ४५ अंशांना ६५ ग्रॅम. पावसाळ्यात खोलीत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तर आत ओढलेल्या हवेत घनमीटरमागे २३ ग्रॅम वाफ असते. टाकीत गेजवर ३.५ बार, अधिक बाहेरच्या हवेचा १, म्हणजे हवा साडेचार पट दाबली गेली, तिच्यासोबत वाफही. १०० ग्रॅमच्या वर वाफ, जागा २७ ची. उरलेलं पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि ते तसं बसलं तर आपल्याला हवंच आहे.

पण प्राइमर मारताना कंप्रेसर जवळपास सलग चालतो. टाकी ४५ ला गेली की २७ ऐवजी ६५ ग्रॅम वाफ वाफच राहते आणि ट्रॅपमधून आरामात निघून जाते. ट्रॅप थेंब पकडतो. वाफेपुढे त्याचं काही चालत नाही. पुढे रेग्युलेटर दाब २५ पीएसआयवर आणतो, हवा फुगते, ६५ चे ३९ होतात. मग ही गरम हवा नळीत येऊन खोलीच्या तापमानाला निवते, तिथे मावतात २७. राहिलेले १२ ग्रॅम नळीच्या आतल्या भिंतीवर.

हाच हिशेब १५ पीएसआयला करा. हवा जास्त फुगते, ३९ ऐवजी २९ उरतात, म्हणजे काठावरचं प्रकरण. त्यात शाई मारताना मध्ये मध्ये थांबणं होतं आणि टाकी एवढी तापतच नाही. कोडं सुटलं. २५ पीएसआयला धोक्याची रेघ टाकीच्या ३८ अंशांच्या आसपास येते. टाकी ३० ला असेल तर नळीत पाणी साचायचं कारणच उरत नाही.

टाकीचं तापमान मोजायला कोविडच्या काळात घरोघरी आलेली कपाळाची बंदूक चालते, फक्त ती सरफेस मोडवर टाकायची, नाहीतर ४३ च्या आसपास हात वर करते. चकचकीत धातूवर ती तापमान खोटं, म्हणजे कमी दाखवते. टाकीवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. टाकीच्या तळापेक्षा पंपाकडच्या बाजूचा आकडा महत्त्वाचा, कारण गरम हवा तिथून आत येते.

एअरब्रशच्या हँडलखाली लावायच्या छोट्या ट्रॅपबद्दल माझं मत आता आणखी वाईट झालंय. नळीतलं पाणी तो अडवतो खरा, पण त्याच्या पोटात मावतं थोडंसं. भरला की सगळं एकदम सोडतो, तेही नेमकं मिनीच्या तोंडावर. ठेवायचाच असेल तर दर दहा मिनिटांनी त्याची पिन दाबा. सिलिका जेलचंही तसंच. आपल्या हवेत १००० लिटरमागे, म्हणजे मिनिटाला २० लिटर धरले तर ५० मिनिटांच्या कंप्रेसरमागे, एकूण १५ ग्रॅमच्या पुढे पाणी सुटू शकतं. ५० ग्रॅम जेलची डबी त्यापुढे किती टिकणार? गरम, ओल्या हवेला थेट जेलवर सोडणं म्हणजे पैसे पाण्यात, शब्दशः. घ्यायचंच तर नारंगी घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको.

तर उपाय एवढाच की हवा पूर्ण दाबाखाली असतानाच थंड करायची, मग ट्रॅप, मग रेग्युलेटर. त्यासाठी ट्रॅप-रेग्युलेटरचा जोड टाकीवरून काढला आणि मध्ये तांब्याची नळी घातली. एसी-फ्रिज दुरुस्तीवाल्यांकडे मिळते ती मऊ, पाव इंची, ३ मीटर. चार इंची पीव्हीसी पाइपाभोवती हातानेच गुंडाळली की सात वेढे होतात आणि दोन्ही टोकांना पुरेशी लांबी उरते. एवढ्या मोठ्या वळणाला नळी दबत नाही, आत मीठ-वाळू भरायची गरज नाही. पीव्हीसी फक्त साचा म्हणून. त्यात दाबाची हवा कधीही भरू नका, फुटला तर त्याच्या कपच्या उडतात. दोन्ही टोकांना फेरूलची (नळीवर आवळणाऱ्या कड्याची) पितळी फिटिंग. या कंप्रेसरांवर बहुधा १/८ इंची बीएसपी मापाचे आटे असतात, पण पावचेही पाहिलेत, म्हणून जुना जोड खिशात घालून दुकानात जा आणि तिथेच फिरवून बघा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला न्यूमॅटिकची (दाबाच्या हवेच्या सामानाची) दुकानं ओळीने आहेत आणि तिथला माणूस जोड नुसता बघून आटे सांगतो. ऑनलाइन ‘युनिव्हर्सल किट’ मागवण्यात अर्थ नाही, त्यातले निम्मे जोड आपल्या कामाचे नसतात. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे, मग साबणाच्या पाण्याने गळती तपासायची. जोड उघडण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करायची हे सांगायला नको, तरी सांगतो. सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही.

वेटोळं आधी पाण्याच्या बादलीत ठेवायचं ठरलं होतं. थंड छान होतं, पण नळी वरून आत आणि वरूनच बाहेर, त्यामुळे सुटलेलं पाणी तळातल्या वेढ्यांत साचतं आणि मग हवा ते गोळ्यासारखं ढकलत नेते. त्यापेक्षा वेटोळं टांगावं. हवा वरच्या टोकातून आत, खालच्या टोकातून बाहेर, आणि अगदी खाली ट्रॅप, म्हणजे पाणी आपल्या वजनानेच वाटीत उतरतं. समोर टेबलफॅन. आता ट्रॅपच्या वाटीत दर वीस मिनिटांना तळ झाकेल एवढं पाणी दिसतं, पूर्वी तिथे काहीच नसायचं. तेव्हा वाटीचं कोरडं राहणं ‘हवा कोरडी आहे’ असं समजून घेतलं जायचं. होतं नेमकं उलटं. सलग चाळीस मिनिटं २५ पीएसआयवर चालवून आरसा स्वच्छ.

हे लिहिता लिहिता एक सुचतंय. रेघ ३८ ला असेल तर तांब्याआधी नुसता पंखा थेट पंपावर आणि टाकीवर लावून बघायला हवा. जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा १२० मिमी पंखा पंपाच्या डोक्यासमोर, आणि दर दहा मिनिटांनी प्राइमर थांबवून मिनी फिरवायला घेतलेली विश्रांती. ज्यांना १०-१५ मिनीच करायच्या आहेत त्यांना तेवढंच पुरेल. पुढच्या खेपेला वेटोळं काढून हे मोजतो. एसीबद्दलही एक: खोली २५ अंश आणि ५० टक्क्यांवर आली की आत जाणारी वाफ २३ ची १२ ग्रॅमवर येते, पण कंप्रेसर त्याच खोलीत हवा. आवाज नको म्हणून कंप्रेसर बाल्कनीत आणि नळी एसीच्या खोलीत, ही सगळ्यात वाईट मांडणी. दमट हवा ओढायची आणि थंड नळीत पिळायची.

आता फौज. २० टर्मागंट आणि ११ न्यूरोगॉन्ट (फौजेतले छोटे टायरानिड) प्राइम झालेत, त्यातल्या काहींवर जुने खड्डे आहेत. पॉलियुरेथेनवाला ॲक्रिलिक प्राइमर घासायला गेलं तर कातडीसारखा सोलून येतो, म्हणून लहान मिनी तशाच पुढे काढायच्या. टायरानिडांच्या कातडीवर रेषा आणि खाचा एवढ्या की कॉन्ट्रास्ट (खाचांत साचून सावल्या देणारा पातळ रंग) बसल्यावर खड्डा शोधूनही सापडत नाही. न्यूरोगॉन्टांपैकी दोघांच्या सपाट कवचावर मात्र तो डोळ्यांत येतो. त्या दोन प्लास्टिक मिनी आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) बुडवून, जुन्या टूथब्रशने घासून परत काळ्या. आयपीए फक्त याच कामाला. व्हलेहो कंपनीच्या ओल्या रंगावर पडलं तर रंगाचा चिकट गोळा होतो, आणि तो कपात झाला तर संध्याकाळ गेली.

झेनिथल (वरून उजेड पडल्यासारखं अस्तर) तसंच: काळा सगळीकडून, राखाडी ४५ अंशांतून, एफडब्ल्यू ब्रँडची पांढरी शाई फक्त डोक्यावरून. लाकडी पट्टीवर दुहेरी टेपने दहा-दहा मिनी, एकमेकांत तीन-चार बोटं अंतर, नाहीतर शेजाऱ्याची सावली कायमची रंगते. बाटलीतल्या जाड पांढऱ्यापेक्षा शाई बरी. तो व्हलेहोच्या मॉडेल कलर मालिकेतला पांढरा १० थेंबांना ८ थेंब थिनर आणि २ थेंब फ्लो इम्प्रूव्हर घालूनही सुईवर दाढी वाढवतो.

स्केलेटन होर्ड हा हाडाच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट ब्रशने. एअरब्रशमधून कॉन्ट्रास्ट मारला की तो खाचांत साचत नाही, नुसता रंगीत काचेसारखा वर बसतो, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच हरवतं. हाडाच्या रंगाला साचणं हवंच. या हवेत वाळायला पाऊण तास धरा. वरून कोरडा वाटतो आणि बोट लागलं की सरकतो.

जांभळ्या कवचाला मात्र काचेचाच परिणाम हवा आहे, आणि इथे एक छोटी मजा झाली. दहा टर्मागंट एकाच दिशेला तोंड करून पट्टीवर लावले, पाठीच्या वळणाइतकी कापलेली व्हिजिटिंग कार्डाची ढाल एका हातात, दुसऱ्या हातात एअरब्रशमध्ये व्हलेहोचा एक्सप्रेस डीप पर्पल (कॉन्ट्रास्टसारखाच रंग), १२ पीएसआय, मागून आणि वरून. कार्ड मिनीला टेकवायचं नाही, दोन-तीन मिमी लांब धरायचं, म्हणजे कड मऊ येते आणि हाडाचा रंग जांभळ्यात विरतो. कडांना कापल्यासारखी रेघ हवी असेल तर टेकवा, पण मग रंग कार्डाखाली ओढला जातो. एका मिनीला अर्धं मिनिट. ब्रशने याला पाच मिनिटं लागतात आणि कवचावर साचलेले ओघळ वेगळे. दर चार मिनींनंतर कार्डाची कड पुसा, तिथे जमलेला थेंब पुढच्या मिनीवर उतरतो.

सायकोफेज आणि स्क्रीमर-किलर हे मोठे टायरानिड मुद्दामच मागे ठेवले होते. एवढ्या मोठ्या गुळगुळीत पाठीवर एक खड्डाही लपत नाही. आता हवा कोरडी आहे तर आधी स्क्रीमर-किलर: २० पीएसआय, पातळ दोन हात, मध्ये अर्धा तास, पहिला हात पोटाखालून आणि पायांच्या आतून, पाठ शेवटी. पाठीवर येईपर्यंत टाकी तापलेली असणार, म्हणून तिथे थांबून टेपवरचा आकडा बघायचा, ३५ च्या वर असेल तर चहा. कवचाच्या तुकड्यांना मात्र कार्डाची ढाल चालणार नाही, प्रत्येकाचा वळसा वेगळा आहे. ब्लू-टॅकच्या (चिकट रबरी मातीच्या) वळ्या करून कडांना दाबाव्यात आणि मधली जागा ओल्या टिश्यूने झाकावी असा विचार आहे. फक्त स्केलेटन होर्डवरून ब्लू-टॅक उचलताना रंग येतो का, ते आधी खड्डेवाल्या टर्मागंटवर बघावं लागेल.