आठवारी किल्ट आणि कमरेचे माप

नोकरीनिमित्त एडिनबरामध्ये राहायला येऊन मला सात वर्षे झाली, तरी किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचे गुडघ्यापर्यंतचे निऱ्यांचे वस्त्र, नेसण्याची वेळ कधी आली नव्हती. गेल्या वर्षी एका जवळच्या सहकाऱ्याचे लग्न पिटलॉक्री या गावाजवळ ठरले आणि पुरुषांनी शक्य असल्यास हायलँड पद्धतीचा पोशाख करावा, असे निमंत्रणपत्रिकेत लिहून आले. अशा प्रसंगी येथील पुष्कळ लोक किल्ट भाड्याने आणतात. मीही तेच केले असते तर पुढचे सहा आठवडे वाचले असते. पण एका दिवसाचे भाडे ९० पौंड ऐकल्यावर, आणखी दोन लग्ने डोळ्यांसमोर असताना, स्वतःचाच किल्ट घ्यावा असे मला वाटू लागले. हाताने शिवलेल्या आठवारी किल्टसाठी शहरातील दुकानात मला ६०० पौंड आणि दहा आठवडे सांगण्यात आले. तेव्हा मी संगणकासमोर बसलो आणि दिलेल्या मापांनुसार यंत्रावर शिवलेला लोकरी किल्ट टपालाने घरपोच पाठवणाऱ्या एका विक्रेत्याकडे २४० पौंडांना मागणी नोंदवली.

टार्टन, म्हणजे कापडावरचा चौकटींचा नमुना, निवडणे सोपे गेले. माझे कोणत्याही स्कॉटिश घराण्याशी नाते नसल्याने मी ‘ब्लॅक वॉच’ हा गडद निळ्या, हिरव्या आणि काळ्या चौकटींचा नमुना घेतला, जो कोणीही वापरला तरी त्यात कोणाला वावगे वाटत नाही. अवघड होते ते पुढचे. अर्जात तीनच मापे मागितली होती, ती म्हणजे कंबर, नितंबांचा घेर आणि लांबी. कंबरेच्या रकान्यात मी जीन्सवरचा आकडा पाहून ३४ लिहिले. नितंबांचा घेर टेपने मोजला, तो ४० इंच भरला. लांबी बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत मोजायची होती. ती पत्नीने मोजून दिली आणि २४ इंच अशी मी नोंदवली. या तीन आकड्यांपैकी ज्यासाठी टेपला हात लावण्याचीही मला गरज वाटली नव्हती, तोच आकडा मला पुढे महागात पडला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात खोके आले. कापड दाट आणि चांगले होते, आणि मागच्या निऱ्या खाली जागच्या जागी राहाव्यात म्हणून घातलेली पांढऱ्या दोऱ्याची कच्ची शिलाई तशीच होती. किल्ट गुंडाळून वरचा पट्टा बकलात ओढला, तर तो बेंबीच्या उंचीवर शेवटच्या भोकापर्यंतही पोहोचेना. तोच किल्ट जीन्ससारखा खाली, कमरेच्या हाडांवर उतरवला तेव्हा पट्टा लागला खरा, पण खालची कड गुडघ्याखाली जवळजवळ चार इंच गेली. मागे उभी राहून पाहणारी पत्नी म्हणाली, “अरे, मागून सगळ्या निऱ्या फाकल्यात.” आरशात पाहिले तर खरेच, ज्या निऱ्यांनी एकमेकींवर सरळ पडायला हवे होते त्या कच्च्या शिलाईच्या वर ताणून फाकल्या होत्या आणि पुढचा सपाट भाग एका बाजूला ओढला गेला होता.

त्याच संध्याकाळी सांगलीला आईशी बोलताना मी तिला किल्ट दाखवला. आईने तीस वर्षे घरी ब्लाउज आणि परकर शिवले आहेत, त्यामुळे माझे वर्णन पूर्ण होण्याच्या आतच तिने विचारले, “कमरेचं माप कुठं घेतलंस?” मी जीन्सचा आकडा सांगितला. “अरे, तो आकडा म्हणजे माप नव्हे. तुझी पँट कमरेखाली उतरलेली असते. टेप घे आणि बेंबीवरून फिरव बघू, पोट आत न ओढता.” पोट आत न ओढता टेप ३७ वर थांबली. “आजोबा धोतर कुठं नेसायचे ते आठव,” एवढेच ती म्हणाली. आजोबांचे धोतर बेंबीवर असे, आणि आजीच्या लुगड्याच्या निऱ्याही तिथेच खोचलेल्या असत. ही गोष्ट जन्मापासून डोळ्यांसमोर असूनही जीन्सच्या सवयीने ती माझ्या लक्षातून पार गेली होती. त्यातही, तयार पँटवर छापलेला आकडा आणि तिचा प्रत्यक्ष घेर यांत इंच-दोन इंचांचा फरक सर्रास असतो, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हते.

म्हणजे कंबरेची चूक माझी होती. पण आईच्याच सांगण्यावरून मी किल्ट पलंगावर सपाट पसरून मोजला, तेव्हा दुसरी गोष्ट उघड झाली. कंबर मी लिहिल्याप्रमाणे नेमकी ३४ होती. मात्र लांबी २४ ऐवजी साडेपंचवीस इंच भरली. ही चूक माझी नव्हती. या दोन चुका एकमेकींपासून वेगळ्या करता आल्या, म्हणूनच पुढचा पत्रव्यवहार शक्य झाला. पहिल्या दिवशी मी नुसते “किल्ट नीट बसत नाही” असे लिहून पाठवले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते, आणि अर्थातच माझ्या विरोधात.

ब्रिटनमध्ये घरबसल्या मागवलेली वस्तू हाती आल्यापासून १४ दिवसांत कारण न सांगताही परत करण्याचा हक्क २०१३ च्या नियमांनी ग्राहकाला दिला आहे; परंतु ग्राहकाच्या मापानुसार खास बनवलेल्या वस्तूंना तो लागू होत नाही. विक्रेत्याच्या पहिल्या उत्तरात हेच दोन ओळींत कळवले होते, आणि कंबरेपुरते ते बरोबरही होते. मात्र वस्तू मागणीप्रमाणे नसेल तर २०१५ चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो, आणि तो मापानुसार बनवलेल्या वस्तूंनाही लागू आहे. त्यानुसार वस्तू मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ती नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. ॲडव्हाइस डायरेक्ट स्कॉटलंड या संस्थेच्या विनामूल्य दूरध्वनी सेवेवर मी खात्री करून घेतली. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेऊन सांगितले की पत्रात कंबरेचा उल्लेखच करू नका, कारण त्याबद्दल तुमची तक्रार नाही; लांबीबद्दल मात्र मागणीची प्रत, टेप लावून काढलेली छायाचित्रे आणि वस्तू मिळाल्याची तारीख एकत्र पाठवा.

मी तसेच केले. छायाचित्र काढताना टेपचे शून्य किल्टच्या वरच्या काठावर आणि दुसरे टोक खालच्या कडेवर दोन्ही एकाच चौकटीत दिसतील याची काळजी घेतली, कारण नुसता आकडा दाखवणाऱ्या छायाचित्रावर कोणीही शंका घेऊ शकते. कच्ची शिलाई उसवली नव्हती आणि आतली चिठ्ठीही काढली नव्हती, त्यामुळे किल्ट वापरला गेल्याचा आक्षेप घ्यायला जागा उरली नाही. पैसे क्रेडिट कार्डाने भरलेले होते, हेही पत्रात सौम्य शब्दांत नमूद केले. येथे १९७४ च्या कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या खरेदीत विक्रेत्याइतकीच कार्ड देणारी बँकही जबाबदार धरता येते, आणि विक्रेत्यांना ते चांगले माहीत असते.

चार दिवसांनी उत्तर आले. लांबीतली चूक मान्य करून विक्रेत्याने दहा टक्के सूट देऊ केली, म्हणजे २४ पौंड. मी नम्रपणे नकार दिला. मग त्यांनी दोन पर्याय दिले: किल्ट परत पाठवून पूर्ण पैसे घ्यावेत, किंवा तो नव्याने शिवून घ्यावा, ज्याला आठ आठवडे लागतील. लग्न सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी होते. पैसे परत घेऊन पुन्हा भाड्याच्या दुकानात जाण्याची माझी जवळजवळ तयारी झाली होती. पण त्याआधी हा किल्ट दुरुस्त होतो का, ते कोणा जाणकाराला विचारावे असे ठरवले.

लीथ भागात किल्ट शिवणाऱ्या एक वयस्कर बाई आहेत. मी किल्ट त्यांच्या टेबलावर ठेवून म्हणालो की खालून दीड इंच कापून दुमडून घेतले तर काम होईल ना. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे आजीने पैठणीचा काठ कापायला निघालेल्या माणसाकडे पाहिले असते. किल्टची खालची कड दुमडलेली नसतेच. तो कापडाचा मूळ काठच असतो. आठ वारांचा किल्ट करायचा तर सामान्यतः दुप्पट पन्ह्याचे चार वार कापड घेऊन ते मधोमध लांबीत फाडतात आणि दोन पट्टे एकमेकांना जोडतात. दोन्ही पट्ट्यांचा विणलेला काठ खाली येतो आणि म्हणून निऱ्या खाली पातळ, सरळ आणि मोकळ्या पडतात. तिथे दुमड घातली की प्रत्येक निरी टोकाशी जाड होते आणि चालताना सगळा मागचा भाग काठीसारखा हलतो. माझी आजी नऊ वारांचे लुगडे नेसायची, त्यापेक्षा एकच वार कमी असलेल्या या वस्त्रालाही काठाचे तेच महत्त्व असावे, याचे मला उगाचच बरे वाटले.

लांबी कमी करायची ती वरून, असे बाई म्हणाल्या आणि मग त्यांनी टेप लावून जे दाखवले ते पाहून मी थक्क झालो. निऱ्या नितंबांपासून कमरेपर्यंत निमुळत्या शिवत नेलेल्या असतात. माझ्या किल्टमध्ये साधारण आठ इंचांच्या उंचीत घेर ४० वरून ३४ वर आला होता, म्हणजे दर इंचाला पाऊण इंच. वरून दीड इंच काढला की नवी कंबर आधीच्यापेक्षा खालच्या, म्हणजे अधिक रुंद जागी येणार होती आणि काही न करता घेर सव्वा इंचापेक्षा किंचित कमी वाढणार होता. विक्रेत्याच्या चुकीने माझी चूक एक-तृतीयांशाहून अधिक भरून निघत होती! उरलेले पावणेदोन-दोन इंच बकले आणि पट्टे सरकवून मिळवता येतील, त्याहून अधिक मात्र नाही; कारण पट्टे फार सरकवले तर पुढचा सपाट भाग अंगाच्या मध्यावरून ढळतो आणि निऱ्या कुशीवर येतात. पारंपरिक किल्टचा वरचा काठ बेंबीच्याही वर दोनेक इंच जातो. माझ्या स्वस्तातल्या किल्टला तो भाग ठेवलेलाच नव्हता, त्यामुळे काम थोडे सोपे होते.

त्यांनी ११० पौंड आणि दोन आठवडे सांगितले. मात्र कात्री लावली की किल्ट परत करण्याचा हक्क संपणार होता, म्हणून मी तो त्यांच्याकडे ठेवला नाही. घरी येऊन विक्रेत्याला कळवले की किल्ट मी ठेवून घेतो, पण दुरुस्तीच्या खर्चाइतकी रक्कम परत करावी. सोबत बाईंचा लेखी अंदाज जोडला. परत पाठवण्याचा टपालखर्च आणि मापाबाहेरचा किल्ट दुसऱ्याला विकण्याची अडचण त्यांनीही मोजली असावी. दुसऱ्याच दिवशी ११० पौंड देण्याचे लेखी मान्य झाले आणि तीन दिवसांत ते खात्यावर आले. त्यानंतरच किल्ट लीथला गेला.

कापण्यापूर्वी बाईंनी माझी मापे स्वतः घेतली. लांबी पाहताना मी खाली पायांकडे वाकून पाहत होतो, तेव्हा त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लावले; मान वाकली की पुढचा काठ खाली उतरतो आणि माप चुकते. शेवटी गुडघे टेकायला सांगून खालची कड जमिनीपासून इंचभर वर राहते का तेही पाहिले. मग वरची पट्टी, अस्तर आणि आतला ताठ कॅनव्हास उसवून, निऱ्या पुन्हा टाचून त्यांनी किल्ट नव्याने बांधला. तो घ्यायला गेलो तेव्हा कच्ची शिलाई मी स्वतः काढावी असा त्यांचा आग्रह होता, आणि किल्टची पिन पुढे एकावर एक येणाऱ्या दोन पदरांपैकी फक्त वरच्या पदराला लावायची, दोन्ही पदर एकत्र टोचायचे नाहीत, हेही दोनदा बजावले. दोन्ही एकत्र टोचले तर कापड ओढले जाऊन फाटते.

लग्नाच्या रात्री ‘केली’ या स्कॉटिश सामूहिक नाचात ‘स्ट्रिप द विलो’ हा प्रकार सुरू झाला, ज्यात रांगेतला प्रत्येक जण दुसऱ्याचा कोपर धरून जोरात गरगरतो. पहिल्या फेरीत माझा एक हात नकळत बकलावर होता. दुसऱ्या फेरीनंतर तो काढला.

पट्ट्यांना बाईंनी तीन भोके पाडून दिली आहेत. मधल्यावर किल्ट नेमका बसतो. बाहेरचे भोक कशासाठी, असे विचारल्यावर त्यांनी माझ्या पोटाकडे एक नजर टाकली आणि “ख्रिसमसनंतर लागेल” असे म्हणून पावती लिहायला घेतली. ते जानेवारीतच लागले.