गडहिंग्लज, बेळगाव, दुबई, स्लाऊ : आमच्या मसाल्याची वाटचाल

आमचा कांदा-लसूण मसाला पहिल्यांदा महाराष्ट्राबाहेर गेला तो बेळगावला, फक्त ५ किलो, २०१८ च्या दिवाळीच्या तोंडावर. त्या पाच किलोपायी आम्हाला जीएसटी नंबर काढावा लागला. तिथून पुढे ज्या ज्या गावात, ज्या ज्या देशात माल गेला तिथे हेच बघितलं, की धंदा सुरू करणं तसं सोपं असतं, खरा खर्च येतो तो कुठली तरी रेघ ओलांडताना, आणि ती रेघ कुठे आहे हे बहुतेक वेळा ओलांडल्यावरच कळतं.

सुरुवात सासूबाईंची. त्या कितीतरी वर्षं ओळखीपाळखीत मसाला करून द्यायच्या, संकेश्वरी मिरची गडहिंग्लजच्या बाजारातून, रंगाला थोडी ब्याडगी, आणि सगळं भाजून डंकावर कुटायचं. २०१८ च्या उन्हाळ्यात मी आणि ह्यांनी ठरवलं की आता नाव लावून पाकिटात विकायचं. कागदपत्रं म्हणाल तर तेव्हा उद्योग आधार, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट निघायचं (आता उद्यम झालंय, तेही फुकट), अन्न परवान्याचं बेसिक रजिस्ट्रेशन १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला तेव्हा वर्षाला १०० रुपये, दुकान कायद्याखाली महाराष्ट्रात २०१७ च्या नव्या कायद्याने १० पेक्षा कमी माणसं असली की तेव्हा नुसती ऑनलाइन सूचना पुरायची. आठ-पंधरा दिवसांत सगळं झालं. लेबलवर वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना, तक्रारीसाठी फोन नंबर हे सगळं हवं हे एका प्रिंटिंगवाल्या दादांनीच समजावून सांगितलं, त्यांचे उपकार आहेत.

मग बेळगाव. आम्हा गडहिंग्लजकरांना बेळगाव म्हणजे परगाव नाहीच, दीड-दोन तासांचा रस्ता, लग्नाचा बस्ता तिथला, दवाखाना तिथला, निम्मे पाहुणे तिथले. एका दुकानदार काकांनी मसाला चाखला, म्हणाले वहिनी माल चांगलाय, महिन्याला वीस किलो लावून द्या, पण पक्कं बिल पाहिजे. मी आनंदात सीएंकडे गेले. आमची वर्षाची विक्री सहा लाखसुद्धा नव्हती, जीएसटीची मर्यादा तेव्हा २० लाख, म्हणजे आपला काही संबंध नाही असंच मी धरून चालले होते. ते म्हणाले, ताई, ती मर्यादा राज्याच्या आत विकायला आहे, माल राज्याबाहेर गेला की पहिल्या रुपयापासून नंबर घ्यावा लागतो.

मला पटेचना. म्हणजे मी नागपूरला, पार दुसऱ्या टोकाला, पोतंभर मसाला पाठवला तर काही नको, आणि शेजारच्या, पण कर्नाटकातल्या, संकेश्वरला गेले की नंबर पाहिजे? तर हो, तसंच आहे. २०१९ च्या एप्रिलपासून माल विकणाऱ्यांची मर्यादा ४० लाख झाली तरी हे कलम तसंच राहिलं. सर्व्हिस देणाऱ्यांना ऑक्टोबर २०१७ लाच यातून सोडलं होतं, हस्तकलेच्या वस्तूंनाही सूट मिळाली, पण मसाला, पापड, लोणचं करणारी बाई यात बसत नाही. कंपोझिशन स्कीम, म्हणजे छोट्या धंद्यांना विक्रीवर ठोक कर, आम्हाला उत्तम होती, उत्पादकाला १ टक्का भरायचा, हिशेब सुटसुटीत, पण त्यातही राज्याबाहेर विकायला बंदी. ऑनलाइन विकायचं म्हटलं तरी तेव्हा नंबर सक्तीचा होता, ते राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून सैल झालं.

आकडे सांगते म्हणजे समजेल. बेळगावच्या वीस किलोत आम्हाला महिन्याला साधारण बाराशे रुपये सुटायचे. सीएंची फी महिन्याला हजार. शिवाय एकदा नंबर घेतला की गडहिंग्लजमध्ये शेजारच्या काकूंना विकलेल्या पावशेरावरही ५ टक्के कर आला, दर महिन्याला रिटर्न आलं आणि उशीर झाला की दिवसाला ५० रुपये दंड, माझा दोनदा झाला कारण मिरचीच्या सीझनला रात्री अकरापर्यंत देठं खुडत बसलेलो असायचो आणि तारीख डोक्यातूनच जायची. २०२१ च्या जानेवारीपासून ५ कोटींच्या आतल्यांना तीन महिन्यांनी रिटर्नची सोय झाली तेव्हा खरंच हायसं वाटलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी नाहीतर अन्याय होईल. नंबर असल्यामुळे पल्व्हरायझर (मसाला दळायचं यंत्र) घेतला त्याचा १८ टक्के जीएसटी परत वळता करता आला, पाकिटांच्या छपाईचा पण. आणि मामंजी जुन्या दिवसांचं सांगतात, त्यांचा टेम्पो होता, जकात नाक्यावर रात्र रात्र रांग असायची, पावती, पुन्हा पावती, मग जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तोही १ ऑगस्ट २०१५ ला ५० कोटींच्या खालच्यांना माफ झाला. ते म्हणतात तुमचं बरंच बरं आहे. त्यांचं खरं आहे. पण सहा लाखांच्या धंद्याला आणि साठ कोटींच्या धंद्याला राज्याच्या सीमेवर एकच नियम, हे मला आजही चुकीचं वाटतं आणि ते बदलावं असं मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते.

दुबईचं प्रकरण आमच्या अंगाशी आलं. २०१९ ला ह्यांचा कॉलेजचा मित्र तिकडे नोकरीला होता, म्हणाला इथे मराठी माणूस भरपूर, मसाला हातोहात जाईल. एका सल्लागाराने सांगितलं फ्री झोनमध्ये, म्हणजे परदेशी मालकांसाठी वेगळे नियम असलेल्या भागात, लायसन्स काढा, १०० टक्के मालकी तुमच्या मित्राची, इन्कम टॅक्स नाही, आठवड्यात काम. सगळं खरं होतं, लायसन्स आलं पण आठवड्यात. फक्त जे सांगितलं नाही ते असं, की फ्री झोनच्या कंपनीला तेव्हा शहरातल्या दुकानांना थेट माल देता यायचा नाही, मधे मेनलँडचा, म्हणजे फ्री झोनबाहेरचा, वितरक लागायचा. आणि मेनलँडला स्वतःची कंपनी काढायची तर तेव्हा ५१ टक्के हिस्सा तिथल्या नागरिकाच्या नावे करावा लागायचा. वितरकाने मार्जिन असं मागितलं की आमच्याकडे काही उरेना. लायसन्स दरवर्षी पैसे भरून रिन्यू करायचं, विक्री असो नसो.

त्यात आणखी एक, जे आम्हाला नशिबाने माल निघायच्या आधी कळलं. आमच्या मसाल्यात खसखस असते आणि अमिरातीत खसखस अमली पदार्थात धरतात, बंदी आहे. आपल्याकडे अनारशाला लावतो ती खसखस, तिच्यापायी माणूस तुरुंगात जाऊ शकतो! मित्राच्या बायकोने सहज यादी वाचली म्हणून वाचलो. सासूबाईंनी मग खसखस काढून तीळ आणि खोबरं वाढवून वेगळा घाणा केला, चव थोडी बदलली पण चालली. पाकिटावर अरबी मजकूर सक्तीचा, तो छापून घेतला. हे सगळं करून एकूण दोन खेपा गेल्या, आणि २०२० मध्ये लायसन्स रिन्यू न करता बंद केलं. मित्राचे आणि आमचे मिळून चार लाखांच्या आसपास गेले. जून २०२१ पासून तिथे बहुतेक धंद्यांना ५१ टक्क्यांची अट काढून टाकली, म्हणजे आम्ही दीड वर्ष थांबलो असतो तर चित्र वेगळं असतं. आता तिथे नफ्यावर करसुद्धा आलाय, २०२३ च्या जूनपासून, पावणेचार लाख दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के. माझं मत विचाराल तर तो ९ टक्के काही भारी नाही, लायसन्सचं भाडं जास्त भारी आहे, कारण कर नफा झाल्यावर द्यायचा असतो आणि लायसन्सचे पैसे नफा व्हायच्या आधी.

यूकेचं मात्र जमलं. माझी नणंद स्लाऊला असते, लंडनजवळ. २०२१ ला तिने स्वतःच्या नावाने कंपनी काढली, १२ पौंड फी, दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट. (मे २०२४ ला ती फी ५० पौंड केली.) आम्ही त्यात पैसे घातले नाहीत, इथून बाहेरच्या कंपनीत गुंतवणूक करायची तर रिझर्व्ह बँकेचे नियम, बँकेचे फॉर्म, ते नको म्हटलं, ती आमची गिऱ्हाईक, आम्ही तिचे सप्लायर, सरळ व्यवहार. व्हॅटची, म्हणजे तिकडच्या विक्रीवरच्या कराची, मर्यादा तिकडे ८५ हजार पौंड होती, आता ९० हजार, आणि त्याच्या आत आहे तोपर्यंत ती ग्लासगोला पाठवो नाहीतर कार्डिफला, कुणी नंबर विचारत नाही. हे ऐकून मला बेळगाव आठवलं. मसाल्यावर तर व्हॅट शून्यच आहे, खाऱ्या शेंगदाण्यांवर मात्र २० टक्के, म्हणून ते आम्ही पाठवत नाही.

पण तिथे सोपं आहे म्हणून ढिलं आहे असं नाही हां. धंदा सुरू करायच्या २८ दिवस आधी कौन्सिलकडे अन्नव्यवसाय म्हणून फुकट नोंदणी. लेबलवर १४ ॲलर्जीचे पदार्थ ठळक अक्षरात, त्यात तीळ आणि मोहरी पण येतात, आपल्याकडच्या यादीत ते नाहीत, म्हणजे आमची पहिली एक हजार लेबलं तशीच पडून राहिली. वार्षिक हिशेब एक दिवस जरी उशिरा गेले तरी १५० पौंड. मिरचीत सुदान रंग (खाण्यात बंदी असलेला कृत्रिम रंग) आणि अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) नाही याचा लॅब रिपोर्ट नणंदबाई प्रत्येक खेपेला मागते, आणि बरोबर मागते, २००५ ला तिकडे सुदान रंगाच्या मिरची पावडरीमुळे शेकडो पदार्थ दुकानांतून परत काढावे लागले होते. त्या तपासणीचा खर्च मला कधी टोचला नाही. आपल्या पोरांच्या ताटात जातं ते तपासलंच पाहिजे.

आमच्या बाजूने निर्यातीला आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, ५०० रुपयांत ऑनलाइन मिळाला, स्पाइसेस बोर्डाची नोंदणी केली, आणि दरवर्षी मार्चमध्ये एलयूटी, म्हणजे जीएसटीचं हमीपत्र, भरते म्हणजे परदेशी बिलावर जीएसटी आधी भरून परत मागत बसायला नको. गंमत बघा, स्लाऊचं बिल बिनकराचं आणि बेळगावचं ५ टक्क्यांचं.

जर्मनीतला एक भाचा मागे लागलाय की म्युनिकला पण कंपनी काढू. तिथे जीएमबीएच, म्हणजे आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी कंपनी, काढायची तर भांडवल २५ हजार युरो, त्यातले निम्मे सुरुवातीलाच भरायचे, वर नोटरी. १ युरो भांडवलाची यूजी, तिचंच छोटं रूप, पण निघते, २००८ पासून. त्याला म्हटलं आधी तिथे दुकानात थेट माल देता येतो का, राज्याराज्यात वेगळा नंबर लागतो का, खसखस चालते का, हे कागदावर लिहून आण, मग बोलू.

जागतिक बँकेच्या धंदा करण्याच्या सोयीच्या यादीत भारत १४२ वरून ६३ वर आला होता, पेपरात वाचून आम्हालाही अभिमान वाटला. ती पाहणी मुंबई आणि दिल्लीत व्हायची, आणि २०२१ ला आकड्यांच्या घोळामुळे ती यादीच बंद केली. आमच्यासारख्या सीमेवरच्या गावात कुणी येऊन विचारावं असं फार वाटतं, चंदगड, निपाणी, सावंतवाडीत सीमेपलीकडे माल पाठवू शकतील अशा किती बायका आहेत, नंबर नाही म्हणून घरातच थांबल्यात.

आज आमच्याकडे सात बायका कामाला आहेत, सीझनला बारा. स्लाऊला वर्षातून तीन खेपा जातात. बेळगावचे काका आता महिन्याला साठ किलो घेतात, दर मंगळवारी सकाळच्या एसटीने पेटी जाते, सोबत बिल.