लाल फुल्या

कातळावर खुंटी ठोकता येत नाही. म्हणून एप्रिलमध्ये राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रस्त्याचा सर्व्हे करताना आम्ही लाल ऑइलपेंटच्या फुल्या मारत गेलो. तापलेला जांभा, करपलेलं गवत, पाण्याचं नाव नाही. ऑफिसात बसून त्या फुल्या जोडल्या आणि आखणी काय सुरेख बसली! सडा सरळ ओलांडायचा, पुढची डोंगराची सोंड कापायची, खाली गावात उतरायचं. सड्यावर दीड मीटर भराव, सोंडेत नऊ मीटर कटिंग. पाण्यासाठी ह्यूम पाइपची एक मोरी.

जुलैत सर्व्हेतले आमचे मदतनीस, खलाशी तात्या, यांचा फोन आला. "मॅडम, एकदा येऊन बघा. तुमच्या फुल्या दिसत नाहीत."

गेले. ओढा वगैरे काही नव्हतं, अख्ख्या सड्यावरून घोटाभर पाणी सरकत होतं. कडेवरून किती ठिकाणी खाली पडतंय ते मोजायला लागले आणि आठव्या धारेला नाद सोडला. आमचा भराव म्हणजे या सगळ्याला घातलेला बांध. अडलेलं पाणी त्या एकाच मोरीतून सुटणार, आणि मोरीच्या बरोबर खाली भाताची खाचरं. तिथे लावणी चालली होती.

सोंडेला लागून जांभ्याचे चिरे काढायची एक बंद चिरेखाण आहे. चिरा संपून माती लागली म्हणून सोडलेली. तात्यांनी मला तिथे नेलं. वर जांभ्याची भिंत, तिच्या पायथ्याशी पिवळट पांढरी माती, आणि दोहोंच्या सांध्यातून झिरपणारं पाणी. बोट लावलं तर माती साबणासारखी निसटली. जांभा पाणी पिऊन खाली सोडतो, ही माती ते अडवते आणि स्वतः भिजून ढिली होते. नऊ मीटर कापलं की हाच थर उघडा पडणार आणि वरचे चिरे पहिल्या दुसऱ्या पावसाळ्यात रस्त्यावर. हे मी कॉलेजात शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं.

चूक सरासरीत होती. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या, म्हणजे आयआरसीच्या हिशेबात जमिनीचा आडवा उतार १० ते २५ टक्के असला तर प्रदेश 'रोलिंग', म्हणजे चढउताराचा, त्यावर ६० पर्यंत 'डोंगराळ'. मी सगळ्या पाच किलोमीटरची सरासरी काढली होती. सपाट सडा त्यात मिसळला आणि सोंडही रोलिंगमध्ये जाऊन बसली. रोलिंगला वेग ताशी ८० किलोमीटर, त्याला वळणाची त्रिज्या २३० मीटर, आणि तेवढ्या त्रिज्येत सोंडेला वळसा बसत नाही, म्हणून कापायची! सोंडेचं सव्वा किलोमीटर वेगळं मोजलं तर उतार ३४ टक्के निघाला. डोंगराळ धरलं की वेग ५०, त्रिज्या ८० मीटर. वळसा बसला. कटिंग अडीच मीटरवर आलं, म्हणजे जांभ्यातच राहिलं.

साहेबांनी नेमकं बोट ठेवलं, "छोट्या तुकड्यासाठी प्रदेशाचा वर्ग बदलू नये, असंही आयआरसीच सांगते." खरं आहे. शिवाय लोकांना सरळ रस्ता हवा असतो, वळणं ठेवली की शिव्या इंजिनिअरलाच. सड्यावर कातळशिल्पं असती तर काम सोपं झालं असतं, त्यांचं नाव २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. नुसत्या पाण्यासाठी आखणी हलवा म्हणणाऱ्याला मात्र फोटो दाखवावे लागतात. मी चिरेखाणीचे दाखवले आणि नऊ मीटरच्या संरक्षक भिंतीचा खर्च मांडला. खर्चाचा कागद त्यांनी दोनदा वाचला. वेगमर्यादेचे फलक आणि वळणावर जादा रुंदी या अटींवर सही झाली. सड्यावरचा भराव उतरवून सहा स्लॅब मोऱ्या घेतल्या.

वळसा एका काजूच्या बागेतून जातो. बारा कलमं गेली. मालक मोजणीच्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, चहा मात्र सगळ्यांना दिला. खाचरं वाचली ती दुसऱ्यांची, हे त्यांना मी काय तोंडाने सांगणार?

सोंडेवरच्या जुन्या फुल्या अजून तशाच आहेत. पेंट चांगला निघाला.