तिसरे मूळ

खालच्या पहिल्या मोठ्या दाढेला साधारणतः दोनच मुळे असतात, एक पुढचे आणि एक मागचे. त्यांतले तीन किंवा चार कॅनाल, म्हणजे नस असलेल्या बारीक नळ्या, स्वच्छ करून भरले की बहुतेक रुग्णांचे दुखणे थांबते. सोलापूरच्या पूर्व भागातून आलेल्या, यंत्रमागावर टॉवेल विणणाऱ्या एका काकांचे मात्र थांबले नव्हते. रूट कॅनाल पूर्ण होऊनही कडक भाकरीचा तुकडा त्या बाजूला आला की कळ थेट कानापर्यंत जायची. "डॉक्टर, आता उपटूनच टाका," असे ते खुर्चीत बसता बसताच म्हणाले.

जुन्या एक्स-रेत तिन्ही कॅनाल टोकापर्यंत व्यवस्थित भरलेले होते. झालेल्या कामात खोट दिसत नसताना दुखणे टिकून असेल, तर कुठेतरी नस राहून गेली असावी, असे मी धरून चालते. म्हणून एक्स-रेची नळी पुढच्या बाजूने सुमारे 25 अंश तिरकी धरून पुन्हा एक्स-रे घेतला. अशा वेळी जिभेकडची वस्तू नळीच्याच दिशेने सरकलेली दिसते. मागच्या मुळाच्या आड दडलेले एक बारीक, आखूड मूळ दोन मुळांमधल्या जागेत आले, आणि त्याच्या टोकाशी हाड झिजल्याचा काळा डागही दिसला.

हे जादा मूळ म्हणजे रॅडिक्स एन्टोमोलॅरिस; दंतवैद्य कॅराबेली यांनी 1844 मध्येच त्याची नोंद केली होती. युरोपीय वंशाच्या लोकांत ते 5 टक्क्यांहूनही कमी आढळते, तर पूर्व आशियातील काही समूहांत 20 टक्क्यांच्या पुढे जाते.

भूल देऊन, रबर डॅम (दाढ लाळेपासून वेगळी ठेवणारा रबराचा पडदा) लावून जुने सिमेंट काढले आणि दाढेचे त्रिकोणी छिद्र जिभेच्या बाजूला वाढवून चौकोनी केले. मागच्या कॅनालच्या तोंडापासून जिभेकडे जाणारी एक काळसर रेघ भिंगातून दिसली. तिच्या टोकावरचा डेंटिनचा (दाताच्या आतल्या कठीण थराचा) पातळ पापुद्रा अल्ट्रासोनिक कंपनांच्या उपकरणाने काढला, तेव्हा कुठे 10 नंबरची फाइल, म्हणजे कॅनाल घासण्याची सुईसारखी बारीक कानस, आत शिरली. तिचे टोक अवघे 0.1 मिलिमीटर असते, आणि इथे तीच हवी. कारण हे मूळ बऱ्याचदा गालाकडे वळलेले असते व ते वळण एक्स-रेच्या किरणांच्याच दिशेत असल्याने फिल्मवर मूळ सरळ भासते. जोर केला तर फाइल मोडते किंवा मुळाला भोक पडते. म्हणून तिला आधीच बाक देऊन हाताने, थोडी थोडी पुढे नेली. सोडियम हायपोक्लोराइटने पुनःपुन्हा धुऊन कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे तात्पुरते औषध भरले. पुढच्या भेटीत, दुखणे ओसरल्यावर, बाकीच्या कॅनालांतली जुनी गटापर्चाही (कॅनाल भरायचा रबरासारखा पदार्थ) बदलून चारही भरले.

हे मूळ पुष्कळदा दोन्ही बाजूंना असते. म्हणून दुसऱ्या बाजूच्या निरोगी दाढेचाही तिरका एक्स-रे काढला. तिथेही तसेच मूळ निघाले. केसपेपरवर ते ठळक लिहिले आणि काकांना एक्स-रेची प्रत देऊन सांगितले, "ही बाजू कधी दुखली आणि दुसऱ्या कुणाकडे गेलात, तर आधी हे दाखवा."